मंगळवारी रात्री बारा वाजता तिकीट स्वस्त होत नसतं

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दिवाळीच्या आधी तो मेसेज फिरतोच. मंगळवारी रात्री बारानंतर बघा, इनकॉग्निटोमध्ये (ब्राउझरच्या प्रायव्हेट विंडोत) बघा, सारखं सारखं सर्च करू नका नाहीतर कंपनीला कळतं आणि रेट वाढवतात. काका टाकतात, खाली सगळ्यांचे अंगठे. ग्रुपवर वाद घालणं मी केव्हाच सोडलंय पण इथे लिहायला काय जातंय. नोकरी पुण्यात आणि घर नागपूरला, म्हणजे हे तिकीट प्रकरण पाचवीलाच पुजलेलं, त्यामुळे थोडंफार कळायला लागलंय.

तर माझं म्हणणं एवढंच की विमानाचं तिकीट स्वस्त मिळतं ते त्या रूटवर दोन-चार कंपन्या एकमेकींशी भांडत असतील तर. बाकी वार, वेळ, ब्राउझर हे सगळं वरवरचं. पटत नसेल तर एक करा, साधा कुठलातरी वार धरा आणि पुणे-दिल्ली बघा, मग त्याच तारखेचं पुणे-नागपूर बघा. दिल्ली जवळपास दुप्पट लांब, तरी कित्येकदा तिकीट नागपूरपेक्षा कमी किंवा उन्नीस-बीस. कारण दिल्लीच्या लिस्टमध्ये इंडिगो, एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस, अकासा असं सगळं गाव दिसतं आणि नागपूरला खाली खाली स्क्रोल केलं की बहुतेक निळंच निळं, म्हणजे इंडिगो. ज्याला शेजारी दुकान नाही तो भाव कशाला पाडेल.

आता ते रेट वाढण्याचं. समजा विमानात १८६ सीट आहेत (इंडिगोच्या ए-३२० निओमध्ये तेवढ्या असतात), तर त्या सगळ्या एका भावाने विकायला ठेवलेल्याच नसतात. थोड्या सगळ्यात स्वस्त खान्यात, थोड्या त्याच्या वरच्या, असं करत करत वर. स्वस्तातल्या संपल्या की पुढचा खाना उघडतो आणि आपल्याला वाटतं की मी बघितलं म्हणून वाढला. वाढला तो दुसऱ्या कुणीतरी तिकीट काढलं म्हणून, किंवा कंपनीच्या सिस्टिमला वाटलं की या तारखेला गर्दी होणार आहे म्हणून. ह्यातूनच एक कामाची गोष्ट निघते जी ग्रुपवर कधी येत नाही. चौघांचं एकदम सर्च केलं आणि खालच्या खान्यात दोनच सीट उरल्या असतील तर बऱ्याचदा सिस्टिम चौघांनाही वरचा रेट लावते. म्हणून आधी एकट्याचं बघायचं, मग दोघांचं, मग चौघांचं. फरक दिसला तर दोन-दोन करून काढायचं, पीएनआर (बुकिंग नंबर) दोन होतात आणि सीट लांब येऊ शकतात, पण दीड तासाच्या प्रवासात नवरा-बायको लांब बसले तर काही बिघडत नाही, उलट झालाच तर फायदा.

आणि जाऊन-येऊन एकाच कंपनीचं काढायचा हट्ट सोडा. देशांतर्गत प्रवासात रिटर्न म्हणजे बहुतेक वेळा दोन वन-वेंची बेरीजच असते, जाताना एक येताना दुसरी, काही अडत नाही.

कंपन्यांचं हे भांडण आपल्याकडे सुरू केलं ते कॅप्टन गोपीनाथांच्या एअर डेक्कनने, २००३ मध्ये. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांचा तो धोतर-कोटवाला कॉमन मॅन त्यांचा मॅस्कॉट होता आणि एक रुपयात तिकीट अशी स्कीम होती. मला आठवतं, तेव्हा आमच्याकडे नातेवाइकांत कुणी विमानात बसलं की आठवडाभर तोच विषय. मग २००५ ला स्पाइसजेट आणि गोएअर आले, २००६ च्या ऑगस्टमध्ये इंडिगो. तीन-चार वर्षं काय मजा होती आपली! डेक्कन तोट्यात गेली, किंगफिशरने घेतली, नाव बदललं, आणि २०१२ ला किंगफिशरच बसली. २०१९ च्या एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट (आधीची गोएअर) बंद. आणि २०२४ मध्ये एअरएशिया इंडिया (म्हणजे नंतरची एआयएक्स कनेक्ट) एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये आणि विस्तारा एअर इंडियात विलीन. म्हणजे आज दहातले साधारण नऊ प्रवासी इंडिगो किंवा टाटांच्या (एअर इंडिया, एअर इंडिया एक्सप्रेस) विमानात बसतात. मधे अकासा आली २०२२ ला, पहिलं विमान मुंबई-अहमदाबाद, त्यांचं बरं चाललंय पण अजून छोटी आहे.

कंपनी बंद पडली की काय होतं ते गो फर्स्टच्या वेळी दिसलं. उन्हाळ्याची सुट्टी, लोकांची लेह-श्रीनगरची बुकिंगं, आणि एकदम तेवढी विमानं गायब. दिल्लीहून श्रीनगर, लेह, पुणे असे रूट भडकले, शेवटी मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून सांगितलं की जरा आवरा. नुसतं सांगितलं हं, कारण १९९४ पासून भाडं ठरवायचा अधिकार कंपन्यांचाच आहे. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र सांगून भागलं नाही. पायलटच्या ड्युटी-विश्रांतीचे नवे नियम आले, इंडिगोची तयारी कमी पडली, हजारो फ्लाइट रद्द, एअरपोर्टवर बॅगांचे डोंगर, आणि ज्यांची विमानं उडत होती त्यांचे रेट गगनाला. तेव्हा सरकारने तात्पुरती मर्यादा घातली, ५०० किमीपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० ला १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००, टॅक्स वगैरे वेगळे. पुणे-नागपूर हवेतून सहाशेच्या आसपास, म्हणजे दुसऱ्या खान्यात. मला तो आकडा वाचून हसूच आलं कारण दिवाळीच्या आदल्या दिवशीचे रेट बघायची सवय असलेल्या माणसाला १२,००० ही मर्यादा नाही, नेहमीचा शेजार वाटतो. खाजगी ट्रॅव्हल्सना तरी आपल्याकडे एसटीच्या दीडपटीचा नियम आहे. पाळतं कोण ते सोडा.

आमच्या रूटला विमान कंपन्यांची फारशी स्पर्धा नाही आली तरी ट्रेन आली हे बरं झालं. ऑगस्ट २०२५ पासून अजनी (नागपूर)-पुणे वंदे भारत धावतेय. बारा तास बसून जायचं, पाठ सांगते काय ते, पण दिवसाची गाडी आहे आणि ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये डोक्यावर गळणारा एसी नाही. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं, तर मी आधी ट्रेनचं कन्फर्म काढून ठेवते आणि मग विमानाचे रेट निवांत बघते. हातात तिकीट असलं की माणूस घाबरून काहीही पैसे भरत नाही.

एअरपोर्टचं पण डोक्यात ठेवा. पुण्याच्या लोहगाव एअरपोर्टला नवं टर्मिनल २०२४ मध्ये झालं, चकाचक आहे, पण धावपट्टी हवाई दलाची आणि तीच एक, त्यामुळे वाट्टेल तेवढी विमानं वाढवता येत नाहीत. नवी मुंबई एअरपोर्ट २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, त्यामुळे पुण्याहून लांबच्या शहराला जायचं असेल तर आता तिथूनही बघायला हरकत नाही, फक्त एक्सप्रेसवेची कॅब आणि टोल त्यात मिळवा आणि मग ठरवा. गोव्याला पण तेच. दाबोळी आणि उत्तरेकडचं मोपा, दोन्ही एअरपोर्ट टाकून बघा पण उतरून कुठे जायचंय ते आधी. मडगावला जायचं आणि मोपाचं तिकीट आठशेने स्वस्त म्हणून काढलं तर ते आठशे टॅक्सीवाला घेणार. सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना मात्र मोपा म्हणजे लॉटरी.

मग येतं ते बुकिंगचं शेवटचं पान. एका साइटवर मी ४,६०० बघून आत गेले आणि पैसे भरायच्या पानावर ५,४०० च्या वर. कन्व्हिनियन्स फी, आधीच टिक करून ठेवलेला इन्शुरन्स, सीटचे पैसे, आणि वर दहा रुपये दान! न विचारता असं काही टोपलीत टाकायला ग्राहक प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच बंदी घातलीय, तरी टिक काढायचं काम आपल्यालाच करावं लागतं. तुलना कुठेही करा, पण काढायच्या आधी कंपनीच्या स्वतःच्या साइटवर एकदा बघाच. बदल करायचा झाला तर मधल्या साइटशी भांडायचं राहत नाही हा मोठा फायदा.

आणि ते सामान नसलेलं स्वस्त भाडं, म्हणजे फक्त हातातली सात किलो, ते जाताना झकास. येताना विसरा. नागपूरहून येताना आई कुरडया, सांडगे, तूरडाळ आणि आंब्याच्या लोणच्याची बरणी देणारच आणि लोणचं केबिन बॅगेत चालत नाही, सिक्युरिटीवाला बरणी हातात धरून उभा राहतो आणि मागची लाइन आपल्याकडे बघते. येतानाचं १५ किलो चेक-इनवालं काढायचं, घरी काट्याला बॅग लटकवून बघायची, आणि बरणीला तीन पिशव्या.

रद्द करायची वेळ आली तर अजून एक. सेलचं तिकीट, नॉन-रिफंडेबल, काही मिळणार नाही असं म्हणून लोक सोडून देतात, पण एअरपोर्टची यूडीएफ (यूझर डेव्हलपमेंट फी) वगैरे फी आणि टॅक्स प्रवास न केल्यास परत द्यायचे असा डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियमच आहे, सेलच्या तिकिटालाही. कॅन्सलेशन चार्ज मूळ भाडं आणि फ्युएल सरचार्ज मिळून जेवढे होतात त्याच्या वर घेता येत नाही. स्वस्त तिकिटात हे टॅक्सच कधीकधी हजाराच्या घरात जातात. अॅपमध्ये कॅन्सल दाबलं की रिफंड शून्य दाखवलं तर स्क्रीनशॉट काढा आणि मेल टाका, फोन करू नका, फोनवर ते तुम्हाला गाणं ऐकवत बसतात.