पातं पुढे का सरकत होतं

फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवणाऱ्या कोल्हापुरातल्या एका शॉपमध्ये मी बँडसॉ चालवायला शिकलो. बँडसॉ म्हणजे वर-खाली बसवलेल्या दोन चाकांवरून दातेरी पट्टीचं अखंड पातं फिरवून लाकूड कापणारं मशीन. पुढे चालवण्यापेक्षा बसवण्यात जीव जास्त रमला. आता लाकूडकामाच्या मशिनी जागेवर नेऊन जोडून, सेट करून देणं हेच माझं काम आहे. त्यातला सावंतवाडीचा एक दिवस माझ्या मनातून जात नाही.

दिवाळीला तीन आठवडे होते. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सकाळी आठला पोचलो. लाकडी खेळण्यांचा घरगुती कारखाना. काका सत्तरीच्या आसपासचे, हाताखाली पुतण्या, आणि मागच्या पडवीत रंगकाम करणाऱ्या चार बायका. काकांच्या वडिलांच्या काळात सगळं काम पांगाऱ्यात व्हायचं. हलकं, मऊ लाकूड, रंग छान घेतं. आता हवा तेवढा पांगारा मिळत नाही म्हणून आंबा वापरतात. आंबा हाताने कापून दिवाळीची ऑर्डर निघणार नव्हती, म्हणून कर्ज काढून हा बँडसॉ घेतलेला. १८ इंची चाकं, दोन एचपीची थ्री फेज मोटर, पत्र्याची वेल्डिंग केलेली बॉडी.

मशीन उभं केलं. पाणसळ ठेवून लेव्हल बघितली, बुडबुडा मधोमध. वरचं चाक शाफ्टवर चढवलं, दोन्ही चाकांच्या रबरावरून बोट फिरवून खाली कुठे गोंदाची गाठ नाही ना, ते पाहिलं. हे रबर सपाट नसतं, मध्ये किंचित फुगीर असतं. त्या फुगीरपणामुळेच पातं चाकाच्या मध्यावर राहतं. वरचं चाक मागच्या नॉबने थोडं कलवता येतं, त्याने पातं पुढे-मागे सरकवायचं. सोबत आलेलं चार सुतांचं, म्हणजे अर्धा इंच रुंदीचं पातं लावलं, ताण दिला आणि वरचं चाक हाताने फिरवलं. पातं बरोबर मध्यावर धावलं. मग चारही पायांना ड्रिल मारून फास्नर ठोकले आणि नट आवळले. दिवस सोपा जाणार असं वाटलं.

काकांना खेळण्यातल्या लाकडी बैलाची शिंगं कापायची होती. चार सुतांचं पातं अडीच इंच त्रिज्येच्या आतलं वळण घेत नाही, जबरदस्ती केली तर पिळतं. दोन सुतांचं, म्हणजे पाव इंची पातं पाच सुतांच्या त्रिज्येपर्यंत वळतं. म्हणून जेवण झाल्यावर ते चढवलं. हाताने चाक फिरवलं तर पातं सावकाश पुढच्या कडेकडे निघालं. नॉब फिरवून मागे आणलं. ताण वाढवला की पुन्हा पुढे.

पहिला संशय पात्याच्या सांध्यावर गेला. बारीक पाती पुष्कळदा सांध्यात वाकडी जोडलेली येतात. सांध्याजवळ खडूची खूण केली. सांधा वाकडा असेल तर दर फेऱ्याला, सांधा आला की पातं एकदा पुढे-मागे डुलतं. इथे डुलणं नव्हतं. सारखं एकाच दिशेला सरकणं होतं, म्हणजे दोष चाकांच्या बसण्यात. हे दिसत असूनही मी अर्धा-पाऊण तास नॉबशीच झटापट करत राहिलो. शेवटी नॉबचे आटे संपत आले.

"दादा, एकदा चालू करून बघू या का? स्पीडला आपोआप बसेल," पुतण्या म्हणाला.

मी त्याचा हात स्टार्टरवरून काढला. हाताने फिरवताना जे पातं कडेला जातं, ते मोटरवर एका क्षणात चाकावरून उतरतं. या मशीनवर पातं मिनिटाला ३४०० फुटांच्या आसपास धावतं. साडेअकरा फुटांची दातेरी पट्टी त्या वेगात सुटली तर काय होतं, ते मी पॅटर्न शॉपमध्ये पाहिलं आहे. तिथल्या एका मिस्त्रींच्या दंडावरचा व्रण मी रोज बघायचो.

मग सकाळचं पातं पुन्हा चढवलं. तेही पुढे जायला लागलं. सकाळी हेच पातं मध्यावर होतं! म्हणजे पात्याचा प्रश्नच नव्हता. मधल्या वेळात मशीनचं काहीतरी बदललं होतं, आणि बदलणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नव्हता.

टेबल अजून चढवलं नव्हतं, तेवढं बरं झालं. पाच फुटी ॲल्युमिनियमचा सरळ सेक्शन घेऊन दोन्ही चाकांच्या कडांना उभा लावला. खालच्या चाकाला तो दोन्ही ठिकाणी टेकत होता, वरच्या चाकाच्या एका कडेशी मात्र दोन मिलिमीटरची फट. चाकं एका पातळीत नव्हती. बेअरिंग तपासलं, कलवण्याची बिजागरी तपासली, दोन्ही ठीक.

काका इतका वेळ स्टुलावर बसून नुसते बघत होते. ते उठले, मोगरी घेतली आणि मशीनच्या पायांशी वाकून तिच्या दांड्याने फरशीवर ठोकत गेले. एक, दोन, तीन. डाव्या मागच्या पायाशी आवाज बदलला. भदभद.

"हय बघ. ही फरशी पोकळ असा," ते म्हणाले. "लाकूड पण असाच सांगता."

खाली शहाबादी फरशी होती आणि त्या एका फरशीखालचा माल सुटलेला होता. नुसतं वजन असताना तिने तोल धरला. मी नट आवळला तेव्हा ती दबली, तो पाय खाली ओढला गेला आणि पत्र्याची बॉडी पिळली. पुतण्याला सेक्शन चाकांवर धरायला लावून मी तो नट पाव-पाव फेरा सैल करत गेलो. डोळ्यांदेखत फट मिटत आली.

आवळल्यावर पाणसळ पुन्हा ठेवायची असते. मी ठेवली नव्हती. हे मी काकांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चहा मागवला.

त्या कोपऱ्यातली फरशी फोडली, खालच्या कोब्यापर्यंत साफ केलं, लोखंडी प्लेट टाकली आणि वर पातळ पत्र्यांचं पॅकिंग देऊन पाय अगदी टेकेपर्यंत उंची जुळवली. आता प्रत्येक नटनंतर पाणसळ, आणि प्रत्येक नटनंतर सेक्शन. नॉब मधल्या जागी आणून पाव इंची पातं लावलं. मध्यावर धावलं आणि तिथेच राहिलं.

पुढचं काम भराभर झालं. टेबल चढवलं, गुण्या लावून पात्याशी काटकोनात घेतलं. पातं दोन्ही बाजूंनी सरळ धरणारे गाइड कागदाच्या जाडीएवढं अंतर ठेवून आवळले, तेही दातांच्या खाचांच्या मागे, नाहीतर फाकवलेले दात त्यांच्यावर घासून मरतात. पाठीमागचं बेअरिंग असं ठेवलं की रिकामं चालताना पातं टेकू नये, लाकूड दाबलं की टेकावं. पट्टा काढून नुसती मोटर फिरवली, ती उलटी निघाली. तीनपैकी दोन वायरी बदलल्या. पट्टा जोडून मोटर तशीच चालवली असती तर पातं वर धावून लाकूड उचललं गेलं असतं.

पाच वाजून गेल्यावर काकांनी स्वतः पहिला आंब्याचा तुकडा लावला. वरचा गाइड मी लाकडाच्या वर दोन सूत ठेवला होता, त्यापेक्षा जास्त पातं उघडं राहू द्यायचं नाही. शिंगाचं वळण एका दमात निघालं. रंगकामातली एक बाई बाहेर आली, तिने तो कोरा बैल तळहातावर उभा केला. कलंडला नाही.

संध्याकाळपर्यंत अकरा बैल निघाले. निघताना मी काकांना सांगितलं की रोज काम संपलं की ताण सैल करायचा, नाहीतर रात्रभराच्या दाबाने रबरात खड्डा पडतो. त्यांनी स्वतःच्या हाताने हँडल फिरवलं, फेरे मोजले आणि दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: साडेतीन.