तापीकाठची खानावळ आणि खानदेशचा मासा

खानदेशात मासे खाण्यासाठी मुद्दाम पाण्याच्या काठी जावे असे म्हटले, की बाहेरगावच्या पाहुण्यांना नवल वाटते. त्यांच्या मनातला खानदेश शेवभाजी, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांपाशी थांबतो. मासा म्हणजे कोकण, फार तर आठवडी बाजारात पोत्यावर मांडलेले सुकट-बोंबील, असा समज आपल्याकडच्या अनेक घरांतही आहे. परंतु मुलताईला उगम पावून ७२४ किलोमीटरचा प्रवास करत सुरतेपलीकडे समुद्राला मिळणारी तापी रावेर-भुसावळपासून सारंगखेडा-प्रकाशापर्यंत आपल्याच मुलखातून वाहते, आणि तिच्या काठच्या भोई व कोळी कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या तिच्यातला मासा धरला, विकला आणि रांधला आहे. त्या रांधपाला खानदेशी जेवणात जेवढा मान मिळायला हवा तेवढा मिळालेला नाही, असे मला मनापासून वाटते.

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळते. पुढे भुसावळ तालुक्यात हतनूर धरणाने हे पाणी अडवले आहे, त्यामुळे संगमाच्या परिसरात नदी विस्तीर्ण जलाशयासारखी पसरलेली दिसते. पूर्णा वऱ्हाडाच्या काळ्या रानातून येते आणि पावसाळ्यात आपल्याबरोबर भरपूर गाळ आणते. हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावधगिरीचे इशारे दिले जातात. या फुगवट्याच्या काठी, केळीच्या बागा ओलांडून गेल्यावर, एक साधी खानावळ आहे. पत्र्याची शेड, सारवलेली जमीन, लिंबाखाली टाकलेल्या दोन-तीन बाजा, लाकडी बाकडी आणि मागच्या बाजूला कपाशीच्या पऱ्हाट्यांवर पेटलेल्या चुली, एवढाच तिचा पसारा. खानावळीवर पाटी नाही आणि पदार्थांची छापील यादीही नाही. चालवणारे दादा आधी आज कोणता मासा आला आहे ते सांगतात, मासा दाखवतात, वजन करतात, आणि मगच चुलीवर कढई चढते.

मला ही रीत फार मोलाची वाटते. महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलांत पापलेट आणि सुरमई बारमाही मिळतात. बर्फातून लांबचा प्रवास करून आलेला तो मासा लालभडक रंगाच्या मसाल्यात तळून पुढे येतो आणि त्याची मूळ चव कशी होती हे कळायला मार्ग राहत नाही. काठावरच्या खानावळीत मात्र पाण्याने दिले तेच ताटात येते. कधी रोहू, कटला, मृगळ, कधी मरळ किंवा वाम, कधी नुसते झिंगे, आणि काहीच नसेल त्या दिवशी चिलापी. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून पहाटे जाळी काढणारी माणसे सकाळीच मासा आणून देतात. डोळे स्वच्छ, कल्ले लाल आणि अंग घट्ट असेल तर मासा ताजा, ही पारख तिथे गिऱ्हाइकालाही करू दिली जाते.

या माशांमागची हकीकतही जेवणाऱ्याला ठाऊक असावी. रोहू, कटला आणि मृगळ यांना अंडी घालण्यासाठी पुराचे वाहते पाणी लागते. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून जलाशयांत त्यांचे बीज, म्हणजे अगदी लहान पिले, सोडावे लागते. पूर्वी हे बीज नद्यांमधून गोळा करत असत. १० जुलै १९५७ रोजी कटक येथे डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प, म्हणजे रोहू-कटल्याच्या कुळातल्या, माशांचे प्रजनन घडवून आणले, आणि त्यानंतर बीज केंद्रांमध्ये तयार होऊ लागले. देशभर १० जुलै हा मत्स्यपालकांचा दिवस म्हणून पाळला जातो तो यामुळेच. चिलापीची गोष्ट वेगळी आहे. हा मूळचा आफ्रिकेचा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला; मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे साचलेल्या पाण्यातही त्याची संख्या भराभर वाढते आणि स्थानिक जातींना जागा कमी पडू लागते. चिलापी चवीला वाईट नाही, परंतु जाळ्यात तीच ती येऊ लागली की जुन्या कोळ्यांचा चेहरा उतरतो, आणि त्यांची काळजी मला रास्त वाटते.

आता रांधण्याकडे वळतो. गोड्या पाण्यातल्या माशाला कधी कधी चिखलाचा वास येतो, आणि नदीच्या माशाविषयीची बहुतेकांची तक्रार तीच असते. इथे तुकडे मीठ आणि हळद लावून चोळतात, चिंचेच्या कोळात काही वेळ ठेवतात आणि दोन-तीन पाण्यांनी धुतात. वास उरत नाही. मग विस्तवात साल काळी होईपर्यंत भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, भरपूर लसूण, कोथिंबीर आणि खानदेशी काळा मसाला पाट्यावर वाटला जातो. तेल सढळ हाताने घालतात, वाटण तेल सुटेपर्यंत परततात, आणि रस्सा उकळू लागल्यावरच तुकडे सोडतात. त्यानंतर चमचा फिरवत नाहीत, कढई कापडाने धरून हलवतात, म्हणजे तुकडा मोडत नाही. नारळाचे दूध नाही, कोकम नाही. कोकणातल्या कालवणाची अपेक्षा मनात धरून बसणाऱ्याला हा रस्सा उग्र वाटेल. कळण्याच्या भाकरीबरोबर, म्हणजे ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या भाकरीबरोबर, तो जसा लागतो तसा भाताबरोबर लागत नाही.

रोहू-कटल्याच्या मांसात बारीक, दुफाटी काटे असतात, म्हणून मुलांना ते देताना लक्ष द्यावे लागते. मरळीला काटे कमी आणि मांस घट्ट. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे पाण्याबाहेर बराच वेळ जिवंत राहते आणि बाजारात जिवंतच विकली जाते. माझी निवड विचाराल तर वाम. तिचे तुकडे रश्श्यात न टाकता नुसते मीठ, तिखट आणि लसूण लावून तव्यावर भाजावेत.

आषाढ-श्रावणात ही खानावळ मासा ठेवत नाही. त्या दिवसांत पूर आलेला असतो, मासे अंड्यांवर असतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच घरांत चातुर्मासही पाळला जातो. महाशिवरात्रीच्या सुमारास मुक्ताई-चांगदेवांच्या यात्रेला वारकरी येतात, तेव्हाही चुलीवर पिठले आणि भरीतच असते. दादांना त्यात तोटा वाटत नाही. नदी निवळते, थंडी पडते आणि फुगवट्यावर बाहेरदेशीची बदके उतरतात, ते दिवाळीनंतरचे दिवस जाण्यास सर्वांत चांगले. आदल्या संध्याकाळी निरोप द्यावा, कारण भाकऱ्यांचे पीठ माणसे मोजून काढतात, आणि दुपारी एकच्या आत पोहोचावे. वाम आली असेल तर ती त्यानंतर उरत नाही.