38 रुपये कमी पडले आणि 3,356 रुपये गेले (माझा अनुभव)

स्कूटीचा हप्ता बाउन्स झाला त्याची गोष्ट सांगायला लागलं की अजून डोकं तापतं, पण लिहून ठेवते, कुणाचे तरी पैसे वाचतील.

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, जनकगंजकडे राहतो. घरात पाच माणसं, ह्यांचा पगार 23,400. भाडं, शाळेची व्हॅन, सासूबाईंची औषधं, सांचीचं दूध, सगळं महिन्याच्या महिन्याला बसतं, पण काठोकाठ बसतं. स्कूटी माझ्या नावावर आहे म्हणून तिचा हप्ता 2,847 माझ्या खात्यातून दर 5 तारखेला कटतो. पूर्वी ह्यांचा पगार 1 तारखेला यायचा तेव्हा कधी काही अडलं नाही. हिवाळ्यात कंपनीने पगाराची तारीख 7 केली आणि तिथून सगळं बिघडलं. आमच्याकडे पैसे नव्हते असं नाही, पैसे दोन दिवस उशिरा येत होते, एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी माझ्या खात्यात 2,850 रुपये 30 पैसे होते, हप्त्यापुरते. मुलाला ताप होता, रात्री औषधं आणायची म्हणून घाईत दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून 3,000 काढून बघितले, खात्यात तेवढे नव्हते म्हणून निघाले नाहीत, मी कार्ड घेऊन परत आले आणि विसरून गेले. पैसे निघाले नाहीत तरी बँक चार्ज लावते हे मला माहीतच नव्हतं. 20 रुपये आणि वर जीएसटी, 23 रुपये 60 पैसे. त्याच आठवड्यात एसएमएसचे तिमाही 17 रुपये 70 पैसे गेले. उरले 2,809. हप्ता 2,847. 38 रुपये कमी.

5 मार्चला हप्ता बाउन्स झाला. बँकेने 500 अधिक 18 टक्के जीएसटीचे 90, असे 590 लगेच कापून घेतले. मी मेसेज नीट वाचला नाही, फक्त हप्ता गेला नाही एवढं कळलं. मग 8 तारखेला पगारातून 500 टाकले, मनात हिशोब केला 2,809 आणि 500, भरपूर झाले. पण खात्यात 2,809 होतेच कुठे, 2,219 होते. 10 तारखेला फायनान्सवाल्यांनी परत हप्ता लावला, परत बाउन्स, परत 590. फायनान्स कंपनीने दोन्ही वेळचे 450 वेगळे लावले. त्यांच्या वसुलीवाल्याने मला फोन करायच्या ऐवजी माझ्या दिरांना केला, कारण फॉर्मवर रेफरन्स म्हणून त्यांचा नंबर होता. घरात हे असं कळलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

12 तारखेला 2,847 आणि त्यांचे 900 असे एकदम ह्यांच्या खात्यातून भरले आणि वाटलं सुटलो.

एप्रिलमधे मी शहाणी झाले होते. 3 तारखेला बॅलन्स बघितला, 2,129. त्यात 800 टाकले, 2,929 झाले, म्हणजे हप्त्यापेक्षा 82 रुपये जास्त, परत एकदा मोबाइलवर बघून खात्री केली. 4 तारखेला संध्याकाळी बँकेने मिनिमम बॅलन्स ठेवला नाही म्हणून 236 कापले. 5 तारखेला तिसऱ्यांदा बाउन्स. परत 590, परत तिकडचे 450.

आता हे मिनिमम बॅलन्सचं काय, तर माझं खातं झिरो बॅलन्सचं होतं. मी मुरारला, ग्वाल्हेरच्याच दुसऱ्या भागात, एका शाळेत नोकरी करायचे तेव्हा शाळेनेच उघडून दिलेलं सॅलरी अकाउंट. नोकरी सोडली, सलग काही महिने पगार जमा झाला नाही की बँक ते साधं बचत खातं करून टाकते आणि त्याला सरासरी बॅलन्सचा नियम लागतो, माझ्या खात्याला 5,000. मला पत्र नाही, मेसेज नाही, फोन नाही. ज्यांनी ज्यांनी नोकरी सोडली किंवा बदलली आहे त्यांनी आधी हे तपासा, बाकीचं नंतर वाचा.

तर बँकेत गेले. इथून खरी कहाणी.

पहिल्यांदा गेले ती घराजवळची शाखा. पासबुक छापून घेतलं, मशीनची शाई इतकी फिकी की ओळी उन्हात धरून वाचाव्या लागल्या. "आरटीएन सीएचजी" (रिटर्न चार्ज, म्हणजे बाउन्सचे) असं तीन ठिकाणी, आणि एका ठिकाणी नुसती चार अक्षरं, ती कसली ते काउंटरवाल्या मुलाला पण सांगता येईना. तो म्हणाला, "मैडम, ये सिस्टम काटता है, हम नहीं काटते." मी म्हटलं सिस्टम कुणाचं आहे मग? तो म्हणाला होम ब्रँचला जा, म्हणजे खातं जिथलं त्या शाखेत. माझी होम ब्रँच मुरारला. एप्रिलची दुपार, ग्वाल्हेरचं ऊन माहीत असेल त्यांना माहीत आहे, ई-रिक्षा बदलत बदलत तिथे पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते आणि ज्यांच्याकडे काम होतं त्या बाई ट्रेनिंगला गेलेल्या.

दुसऱ्या फेरीत त्या भेटल्या. अर्ज द्या म्हणाल्या. तिथेच बसून कागदावर लिहून दिला. त्यांनी तो टेबलावरच्या ट्रेमधे ठेवला, वर पेपरवेट ठेवला, म्हणाल्या आठ दिवसांत होईल. मी पावती मागितली नाही. ही माझी सगळ्यात मोठी चूक, कारण दहा दिवसांनी तिसऱ्या फेरीत त्या ट्रेमधे माझा अर्जच नव्हता आणि मी तो दिला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीही नव्हतं. "आपने दिया होगा तो ऊपर गया होगा." वर म्हणजे कुठे, कुणाकडे, कधी, याचं उत्तर त्या शाखेत कुणाकडेच नव्हतं. मी तिथे दीड तास बसले. माझ्या पुढचा एक म्हातारा माणूस पेन्शनच्या खात्याचं काहीतरी विचारत होता, त्यालाही तेच, सिस्टम. पाणी विचारायला कुणी आलं नाही. रडू येत होतं पण रडले नाही, घरी येऊन मात्र सासूबाईंसमोर बांध फुटला. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, जाऊ दे गं, दोन हजारांसाठी जीव नको जाळू. पण मला जाऊ द्यायचं नव्हतं. दोन हजारांत आमच्याकडे दाल बाजारातून दोन महिन्यांची डाळ आणि तांदूळ येतो.

आमच्या वाड्यात एक काका राहतात, बँकेतून रिटायर झालेले, वेगळ्या बँकेतून. त्यांना पासबुक दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेका ओळीवर पेन्सिल ठेवून वाचलं आणि म्हणाले, बाउन्सचे चार्जेस बँकेच्या दरपत्रकात असतात, त्यावर भांडून फार मिळणार नाही, विनंती करायची. पण हे 236 त्यांना असे कापताच येत नाहीत. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मधे सांगून ठेवलंय आणि एप्रिल 2015 पासून ते लागू आहे, की बॅलन्स कमी पडला तर आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, मग भरून काढायला एक महिना द्यायचा, तरीही भरला नाही तरच दंड. दंडही जितका बॅलन्स कमी त्या प्रमाणात. आणि नुसत्या या दंडापायी खातं मायनसमधे नेता येत नाही. मी विचारलं काका हे लेखी आहे? म्हणाले लेखीच आहे, अर्जात 2014 चं परिपत्रक म्हणून लिही, मग बघ.

रात्री अर्ज लिहिला. पाल्हाळ न लावता तारखा आणि रकमा. 4 एप्रिलला 236 कापले, त्याआधी मला कुठलीही सूचना मिळालेली नाही, मिळाली असल्यास तिची प्रत द्यावी. हे 236 कापले नसते तर 5 तारखेला माझ्या खात्यात 2,929 असते आणि हप्ता पास झाला असता, म्हणून 5 एप्रिलचे 590 सुद्धा परत करावेत. मार्चचे दोन चार्जेस विनंती म्हणून. दोन प्रती काढल्या.

चौथ्या फेरीला बाईंकडे गेलेच नाही, सरळ मॅनेजरांच्या केबिनमधे गेले आणि म्हटलं सर, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही पाहिजे, आणि तक्रार नंबर पाहिजे. ते म्हणाले बसा. पहिल्यांदाच कुणी बसा म्हणालं. कंप्युटरवर बघितलं, सूचना पाठवल्याची नोंद शोधली, सापडली नाही. शिक्का दिला. नंबर दिला. मी एवढंच म्हटलं की 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर मी लोकपालाकडे जाणार. हे धमकीसारखं नाही म्हटलं, पण म्हटलं. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते, ऑनलाइन त्यांच्या सीएमएस पोर्टलवर, माहितीसाठी 14448 नंबर आहे, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते आणि 30 दिवस थांबावं लागतं किंवा बँकेने नाही म्हटलेलं असावं लागतं. म्हणून तो शिक्का महत्त्वाचा. शिक्का नसेल तर तुमचे 30 दिवस सुरूच होत नाहीत असं समजा.

एकोणिसाव्या दिवशी 826 जमा झाले. 236 आणि एक 590. स्वयंपाक करता करता मेसेज आला, गॅस बंद करून परत परत वाचला. मार्चचे 1,180 नाही दिले, "नियमानुसार योग्य" असं उत्तर आलं. फायनान्स कंपनीने तर एक रुपया सोडला नाही. म्हणजे बँक आणि फायनान्स मिळून 3,356 गेले होते त्यातले 826 आले. तरी मला अभिमान आहे, कारण तीन वेळा मला परत पाठवलं आणि चौथ्या वेळी मी शिक्का घेऊनच आले.

त्याच चौथ्या फेरीत मॅनेजरांकडे खातं बदलायचा अर्ज पण दिला, बेसिक बचत खातं, त्याला मिनिमम बॅलन्स नसतो. काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. पैसे काढायच्या मोफत वेळा महिन्याला मोजक्या असतात आणि त्या बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, पण हप्त्यापुरत्या खात्याला एवढं पुरतं. ज्यांचं खातं सरासरी बॅलन्सवालं आहे त्यांनी हे लक्षात घ्या की 5,000 रोज असायलाच पाहिजेत असं नाही, रोजच्या शेवटच्या बॅलन्सची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. तीस दिवसांच्या महिन्यात तीनच दिवस 50,000 राहिले तरी सरासरी 5,000 होते. घरात कुणाची एफडी मोडून दुसरीकडे जाणार असेल तर दोन-तीन दिवस तुमच्या खात्यातून जाऊ द्या.

हप्त्याची तारीख 10 करून घेतली, ते काम फोनवर आणि एका लिंकवर झालं, मधल्या पाच दिवसांचं व्याज लागलं तेवढंच. हे मी जानेवारीतच करायला हवं होतं. पगाराची तारीख बदलली की त्याच आठवड्यात हप्त्याची बदला.

आणि पैसे आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत खात्यात पाहिजेत, हप्ता सकाळी लवकर लागतो. रविवार आहे, सुट्टी आहे, उद्या टाकू असं करू नका, 1 ऑगस्ट 2021 पासून हे ऑटो-डेबिट रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी पण चालतं.

मे महिन्याच्या शेवटी परत एकदा फसणार होते. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचे 436 आणि सुरक्षा विम्याचे 20, असे 456, 25 ते 31 मे मधे कटतात. त्याचे फॉर्म मी कधी भरले होते मलाच आठवत नव्हतं, मागच्या वर्षीच्या पासबुकात दिसलं. म्हणून आता मी एक काम केलंय, वर्षभराचं पासबुक घेऊन बसले आणि जे जे आपोआप कटतं ते सगळं दाराच्या मागच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलं, कार्डाचे वार्षिक, एसएमएसचे तिमाही, विम्याचे, सगळं. आणि खात्यात हप्त्याच्या वर 1,000 ठेवलेत ज्यांना हात लावायचा नाही, घरात सगळ्यांना सांगितलंय की ते नाहीतच असं समजा. ते 1,000 जमवायला मला तीन महिने लागले.

त्यातले थोडे लाइट बिलातून वाचले. मध्य प्रदेशात 150 युनिटपर्यंत वापर असेल तर पहिले 100 युनिट 100 रुपयांत मिळतात, 150 च्या वर गेलं की ती सवलत पूर्ण जाते. कूलरच्या दिवसांत ग्वाल्हेरला 150 मधे राहणं कठीण, पण एप्रिलमधे मी दर रविवारी मीटर वाचून वहीत लिहिलं, कूलर दुपारी एकाच खोलीत, सगळे तिथेच, आणि 143 वर महिना काढला.

हो, एक राहिलंच. तारीख बदलली की नवीन मँडेट (खात्यातून हप्ता कापायची परवानगी) होतं, पण जुनं आपोआप बंद होतंच असं नाही. माझं झालं नव्हतं, 5 तारखेचं पण चालू होतं आणि 10 चं पण. नेट बँकिंगमधे मँडेटच्या यादीत दिसलं म्हणून कळलं. जुनं कॅन्सल केल्याचा मेसेज फायनान्स कंपनीकडून लेखी घ्या, आणि पहिल्या महिन्यात 4 तारखेला रात्री यादी परत एकदा उघडून बघा.