एफबीआयसाठी पुण्यात दिलेले ठसे

कॅनडाच्या पीआरचा (तिथे कायम राहण्याच्या परवान्याचा) अर्ज करताना, गेल्या दहा वर्षांत जिथे सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात त्या देशाचा पोलिस दाखला मागतात. भारताचा हा दाखला, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयातून मिळाला. अमेरिकेचं मात्र सगळं गणित बोटांच्या ठशांवर.

मी नोकरीला होतो न्यू जर्सीत. तिथल्या स्टेट पोलिसांकडे राज्याचं स्वतंत्र दप्तर असतं, पण कॅनडाला चालतो एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेचाच कागद. या दोघांचं नातं समजून घेण्यासारखं आहे. कुणाला अटक झाली की ठसे राज्यामार्फत एफबीआयकडे जातात. पुढे माणूस निर्दोष सुटला आणि राज्याने ते कळवलंच नाही, तर एफबीआयच्या कागदावर नुसती अटक उरते. मग दुरुस्तीसाठी बहुतेकदा त्या राज्याकडेच धाव घ्यावी लागते.

एफबीआयचा फॉर्म ऑनलाइन भरला, 18 डॉलर भरले. एफडी-258 नावाचं ठशांचं कार्ड साध्या पांढऱ्या कागदावर छापलेलं चालतं. आमच्या पोलिस ठाण्यात ‘असले ठसे आम्ही घेत नाही’ म्हणून वाटेला लावलं. शेवटी एक निवृत्त ठसेतज्ज्ञ भेटले.

त्यांनी आधी माझी बोटं स्पिरिटने पुसली. काचेवर रोलरने शाईचा अगदी पातळ थर दिला. ‘हात सैल सोडा, तुम्ही काही करू नका,’ म्हणाले. अंगठा शरीराच्या दिशेने फिरवला, बाकीची बोटं बाहेरच्या दिशेने. नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. मग खालच्या चौकटींत चार बोटं एकत्र, सपाट. भिंगातून बघत ‘हा शंख, हे चक्र’ असं पुटपुटत होते. ठशांचं वर्गीकरण करायच्या हेन्री पद्धतीचा विषय निघाल्यावर खुलले. नाव इंग्रज अधिकाऱ्याचं, पण ती बसवली कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी, आणि एफबीआयनेही पुढे तीच वापरली, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

ठसे पुसट असले तर एफबीआय कार्ड नाकारते, म्हणून त्यांनी जादा प्रती घ्यायला लावल्या. त्या सगळ्या एकाच लिफाफ्यात घालून कुरियरने वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला पाठवल्या. या टप्प्यावर पैसे वाचवू नका, ट्रॅकिंग घ्याच.

निकाल ईमेलवरच्या लिंकमधून, पिन टाकून उघडायचा. ‘अटकेची नोंद नाही’ एवढाच मजकूर. तोच पीडीएफ अर्जाला जोडला.