जामीन झालाय, जामीनदार नाही

मंगळवार

निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात, मी तुरुंगात जाते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची विधी स्वयंसेवक म्हणून आठवड्यातून एकदा कारागृहातल्या विधी सहाय्य केंद्रात बसायचं. केंद्र म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि मोफत कायदेविषयक मदतीचं कडा मुडपलेलं पोस्टर. बंदी एकेक करून येतात. त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं आणि बाहेर आल्यावर ज्याला त्याला फोन करत सुटायचं. घरचे म्हणतात, कोर्टात इतकी वर्षं कारकुनी करून हौस फिटली नाही वाटतं.

मुख्य दरवाजाच्या आत काळी पाटी आहे. वर ऑइलपेंटने मंजूर क्षमता लिहिलेली, खाली खडूने आजची बंदी संख्या. रंगातला आकडा मी येते तेव्हापासून तोच आहे. खडूचा त्याच्या दुपटीला टेकलाय. पाटी पुसणाऱ्या शिपायाला त्याचं काही वाटत नाही आणि आता मलाही फारसं वाटत नाही, हेच वाईट.

आत झोपायची रीत आज एका पोराने सांगितली. नवा येतो त्याला संडासाच्या दाराशी जागा. कुणी सुटला की सगळे एकेक जागा वर सरकतात. खिडकीखालची जागा मिळेस्तोवर माणूस जुना झालेला असतो. रात्री कूस बदलायची तर शेजाऱ्याला उठवावं लागतं. हे सगळं त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, आमच्याकडे एसटीत जागा कशी धरतात ते सांगावं तसं सांगितलं.

शेवटी आला तो बीडकडचा ऊसतोड कामगार. वय पंचविशीचं, हातावर पाचटाने ओरखडल्याच्या जुन्या खुणा. म्हणाला, "मॅडम, जामीन झालाय म्हणतेत, मंग सोडीत का न्हाईत?"

खरंच झालाय. तीन गुन्हे, तिन्हींत जामीन मंजूर. प्रत्येकी पंधरा हजारांचा जातमुचलका, म्हणजे स्वतःचं बंधपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम स्थानिक जामीनदार. फेब्रुवारीत आत आला, आता पावसाळा लागला. हंगाम संपला, कारखान्याच्या तळावरची कोप, म्हणजे राहायची झोपडी, मोडली, बायको पोरांना घेऊन गावी गेली. हा मात्र जामीन होऊनही इथेच.

बुधवार

त्याचे कागद बघितले. शेतातल्या विहिरींवरच्या मोटारींची केबल चोरल्याचा आरोप. तीन शेतकरी, तीन फिर्यादी, तीन गुन्हे. फिर्यादीत केबलची किंमत आठ हजार, साडेसात हजार, नऊ हजार. पंचनाम्यात मात्र केबल "जुनी वापरती".

हा किमतीचा आकडा उगाच मनात घोळत नाहीये. भारतीय न्याय संहितेत आता पाच हजारांच्या आतली चोरी जामीनपात्र आहे. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली तर त्याला शिक्षा होते ती समाजसेवेची. म्हणजे जुन्या केबलला जुन्याचा भाव लावला असता तर या पोराला गुन्हा सिद्ध झाल्यावरसुद्धा फार तर गावचा चौक झाडावा लागला असता. नव्याचा भाव लावल्यामुळे तो गुन्हा सिद्ध होण्याआधीच आत आहे. वकीलसाहेबांना हे दाखवलं. ते लोक अभिरक्षक कार्यालयातले, म्हणजे सरकारी खर्चाने गरीब आरोपींची बाजू मांडणाऱ्या कार्यालयातले तरुण वकील, वाचतात बरं का. म्हणाले, मुद्दा चांगला आहे ताई, पण तो खटल्याच्या वेळी. आधी याला बाहेर काढू.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचं, कलम ४७९ सगळ्यांच्या तोंडी आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याला, जामीन, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांशावर. जन्मठेप वा फाशीच्या गुन्ह्यांना लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे नवा कायदा यायच्या आधीच्या खटल्यांतल्या बंद्यांनाही लागू आहे, आणि पात्र बंद्यांचे अर्ज तुरुंग अधीक्षकांनीच कोर्टात करायचे आहेत. छान. पण त्याच कलमाच्या पोटात एक काटा आहे. एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर हा लाभ नाही. तीन विहिरी, तीन फिर्यादी, संपलं. गरिबाचा गुन्हा एकटा येतच नाही. पोलिसांना एक सापडला की आसपासच्या न उलगडलेल्या केबली त्याच्याच नावावर चढतात, हे कोर्टाच्या व्हरांड्यातल्या चहावाल्यालाही माहीत आहे.

गुरुवार

जामीनदार म्हणजे काय असतो ते बाहेरच्याला कळत नाही. मी ते टेबल अनेक वर्षं सांभाळलंय, म्हणून लिहून ठेवते.

चालू तारखेचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती. तहसीलचा ऐपतीचा दाखला, तो काढायला चार हेलपाटे. आधार, रेशनकार्ड, फोटो. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि साहेबाचं पत्र, आणि साहेब असलं पत्र द्यायला का-कू करतो. वर प्रतिज्ञापत्र, याआधी कुणाकुणाला जामीन राहिलो ते लिहून द्यायचं. एकच माणूस तीन गुन्ह्यांत उभा केला की कारकून मान वर करून बघतो. मग कोर्टाबाहेरच्या झाडाखाली उभे असलेले, कुणालाही जामीन राहायला तयार असलेले भाडोत्री जामीनदार येतात. सगळ्यांना माहीत असतात, कुणालाच दिसत नाहीत.

ऊसतोड्याने कुठून आणावा जामीनदार? गावी बापाच्या नावावर कोरडवाहू तुकडा, तोही परजिल्ह्यातला. इथल्या गावात ओळखीचा एकच माणूस, त्याला तोडीला आणणारा मुकादम. आणि मुकादम तयार आहे! आज फोनवर बोलले त्याच्याशी. "राहतो की जामीन ताई, माझाच माणूस आहे." मग हळूच पुढचं. पुढच्या हंगामाला नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे दोघांची जोडी, माझ्याकडेच, आणि उचलीत, म्हणजे आगाऊ मजुरीत, जामिनाचा खर्च धरणार. म्हणजे कोर्टाने ज्याला मोकळा केला त्याला मुकादमाने बांधून घ्यायचं, आणि त्या कागदावर कोर्टाचाच शिक्का. मी "बघते" म्हणून फोन ठेवला. डोकं असं तापलं की संध्याकाळचं फिरणं राहिलं.

यात नवं काहीच नाही. १९७८ साली मोती राम नावाच्या गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मध्य प्रदेशातल्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि भाऊ जामीनदार म्हणून आला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हाच विचारलं होतं की केरळचा किंवा कर्नाटकचा माणूस बस्तरमध्ये पकडला गेला तर तिथे जमीनजुमला असलेला जामीनदार तो आणणार कुठून? पुढच्याच वर्षी बिहारच्या तुरुंगांतल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण आलं. इतकी वर्षं उलटली आणि आमच्याकडे "स्थानिक" हा शब्द अजून छापील नमुन्यात आहे.

शनिवार

भिशीला गेले होते. तुरुंगांच्या गर्दीची बातमी कुणीतरी वाचली होती. मग नेहमीचं सुरू झालं. नवीन तुरुंग बांधा, नाहीतर यांना कशाला पोसायचं, वगैरे. मी शक्यतो बोलत नाही तिथे, पण आज बोलले.

देशातल्या तुरुंगांची २०२२ ची अधिकृत आकडेवारी अशी आहे. जागा ४ लाख ३६ हजारांची, बंदी ५ लाख ७३ हजार. त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे. चारातले तीन. फक्त शिक्षा लागलेलेच आत ठेवले तर आहेत त्या तुरुंगांत बराकीच्या बराकी रिकाम्या पडतील. आपल्या महाराष्ट्रात सरासरी देशाहून वाईट. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाची क्षमता वर्षानुवर्षं हजाराच्या आत धरलेली आणि आत तीन हजारांवर माणसं. बांधा नवीन, बांधू नका म्हणत नाही, पण नवी बराक भरायला वेळ लागत नाही. शिवाय बराकीबरोबर शिपाई लागतात, डॉक्टर लागतो, तारखेला न्यायला पोलीस गार्ड लागतात. ते काही कंत्राटदार बांधून देत नाही.

एकीने खुल्या कारागृहाचा विषय काढला. तो माझ्याही जिव्हाळ्याचा. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर आमच्याच भागातलं. औंध संस्थानाने १९३९ मध्ये सुरू केलेली ती वसाहत अजून आहे. बंदी तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात, कुंपणाची भिंत नाही. पैठणलाही खुलं कारागृह आहे. अशी ठिकाणं वाढवावीत, जरूर वाढवावीत. पण तिथे जातात ते शिक्षा लागलेले, चांगल्या वर्तणुकीचे, म्हणजे मुख्यतः त्या उरलेल्या चौथाईतले. संचित रजा (फर्लो), अभिवचन रजा (पॅरोल) यांचंही तेच. तीन चतुर्थांश गर्दी ज्या दारात अडकलीय ते दार वेगळं आहे.

"सोडलं आणि पळाले तर?" हा प्रश्न यायचाच. करोनात आपण हा प्रयोग करून बघितलाय की. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुणाला तात्पुरतं सोडता येईल ते ठरवायला राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमायला सांगितल्या. मे महिन्यात आर्थर रोडमध्ये शंभरावर बंदी आणि कर्मचारी बाधित निघाले, तेव्हा महाराष्ट्राच्या समितीने निम्म्याच्या आसपास बंदी तात्पुरते सोडायचं ठरवलं. हजारोंनी बाहेर आले. काही परतले नाहीत, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. पण आभाळ कोसळलं नाही. जिवाची भीती वाटली तेव्हा यंत्रणेने काही आठवड्यांत जे केलं, ते एरवी का होत नाही, एवढंच मी विचारलं. चहा आला म्हणून विषय बदलला.

माझं स्वतःचं म्हणणं साधं आहे. जामीनपात्र गुन्ह्यांत कायदाच म्हणतो की आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस निर्धन आहे असं धरा आणि त्याच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडा. हाच नियम ज्याला कोर्टाने जामीन दिलाय अशा प्रत्येकाला लावा. कोर्टाने त्याला सोडण्याजोगा ठरवलाच आहे. मग त्याच्या बापाचा सातबारा कशाला बघायचा? पैसेवाल्याला रोख भरून संध्याकाळी घरी जाता येतं. पळून जायची ऐपतही त्याचीच जास्त.

आणि दुसरं, अटकच कमी करा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ऊठसूट अटक नको, आधी नोटीस द्या, हे सर्वोच्च न्यायालयाचं अर्नेश कुमार प्रकरणात २०१४ सालीच सांगून झालंय. आमच्या पोराच्या कागदात अटकेचं कारण लिहिलंय, "कायमचा पत्ता परजिल्हा, फरार होण्याची शक्यता." ऊस तोडायला आलेल्या माणसाचा पत्ता परजिल्ह्यातलाच असणार.

सोमवार

वकीलसाहेबांनी अर्ज तयार केला. दोन निकालांचा आधार घेतलाय. एक, ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश. जामिनाचा आदेश तुरुंगात ईमेलने पाठवा, सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात बंधपत्र भरलं गेलं नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको. तेव्हा देशभरात जामीन होऊनही आत असलेले सुमारे पाच हजार जण मोजले गेले होते. दुसरा, ऑगस्ट २०२४ चा गिरीश गांधी निकाल. तेरा गुन्ह्यांत जामीन झालेल्या माणसाला तेवढे जामीनदार मिळेनात, तेव्हा कोर्टाने तेच दोन जामीनदार सगळीकडे चालतील असं ठरवलं.

सात दिवसांचा ईमेल आमच्याकडे आला होता का, ते विचारलं. कारागृहाकडून गेला होता. कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये आहे.

मंगळवार

निकाल लागला. दोन गुन्हे एकाच न्यायाधीशांसमोर होते. त्यांनी अर्ज पाच मिनिटांत वाचला आणि स्वतःच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश केला. तिसरा दुसऱ्या कोर्टात. तिथे "स्थानिक" शब्द तेवढा निघाला, जामीनदार राहिलाच. पर्याय म्हणून पंधरा हजार रोख.

म्हणजे आता केंद्र सरकारची गरीब बंद्यांसाठीची योजना. २०२३ पासून आहे, सुरू झाली तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत मदत ठरली होती. पैसे थेट कोर्टात जमा होतात. जिल्हास्तरीय समितीने मंजूर करायचं असतं. योजना चांगली, पण समिती बसायला हवी ना. कार्यालयात फोन केला तर आधी त्यांनी मलाच विचारलं, "कुठली योजना म्हणालात?" मग म्हणाले, पुढची बैठक ठरलेली नाही.

बीडला बायकोशी बोलले. मुकादमाला अजून हो म्हणू नकोस म्हणाले, पण तिला कितपत पटलं कोण जाणे. दसऱ्याआधी उचल वाटायला मुकादम गावात येईल, आणि घरात पैसा नाही.

उद्या: समितीच्या सदस्य सचिवांना प्रत्यक्ष भेटणे, फोन नको. अर्जासोबत तिन्ही आदेशांच्या प्रती. बंद्याच्या उत्पन्नाचा दाखला लागेल का ते विचारणे, लागत असेल तर गावच्या तलाठ्याला आजच निरोप. जामीन होऊन महिना उलटलेल्यांची यादी अधीक्षकांकडे लेखी मागणे. तोंडी मागितलेली मिळत नाही.