रेंज पूर्ण, तरी नेट चालेना : आमची वाटचाल

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहानशी कंपनी उभी राहिली ती मोबाइल सिग्नल वाहून नेणारी जाड फीडर केबल टाकण्याच्या आणि अँटेना बसवण्याच्या उपकंत्राटांवर. २०१० मध्ये थ्रीजी लहरींचा लिलाव झाला, खासगी कंपन्या २१०० मेगाहर्ट्झवर सेवा देऊ लागल्या, आणि ९०० मेगाहर्ट्झचा जुना सिग्नल ज्या भिंतींतून सहज आत शिरत असे त्याच भिंती नव्या सिग्नलला अडवू लागल्या. हिंजवडी, खराडी या भागांत त्याच काळात काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. ऊन बाहेर राहावे म्हणून अशा काचांवर धातूचा अतिपातळ लेप देतात आणि तो रेडिओ लहरींनाही बाहेरच ठेवतो. त्यातून येताना सिग्नल वीस-तीस डेसिबलने, म्हणजे शंभर ते हजार पटींनी क्षीण होऊ शकतो. आमच्या धंद्याचा पाया या काचेने घातला, असे म्हटले तरी चालेल.

तेव्हाचे काम अंगमेहनतीचे असले तरी सरळ होते. मोबाइल कंपनी इमारतीत आपले बेस स्टेशन, म्हणजे फोनशी सिग्नलची देवाणघेवाण करणारे यंत्र, ठेवी. तेथून अर्धा इंची फीडर केबल शाफ्टमधून वर न्यायची, मजल्यामजल्यावर सिग्नल वाटून देणारे स्प्लिटर आणि कपलर लावायचे आणि फॉल्स सीलिंगला अँटेना बसवायच्या. या व्यवस्थेला आमच्या व्यवसायात आयबीएस म्हणतात. तिचे यश कनेक्टरवर अवलंबून असते. कनेक्टर टॉर्क पान्याने नेमका आवळला नाही, किंवा केबल कापताना तांब्याचा कीस आत राहिला, तर दोन फ्रिक्वेन्सी त्या जागी मिसळून तिसरीच निर्माण होते आणि फोनकडून येणाऱ्या दुबळ्या सिग्नलवर जाऊन बसते. त्यामुळे आमच्याकडे नव्या मुलाच्या हाती सुरुवातीला केबल सोलणे, साफ करणे आणि कनेक्टर चढवणे एवढेच काम दिले जाते. मीटर त्याच्या हाती नंतर येतो.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि चित्र पालटले. या नेटवर्कला टूजीचा आधार नव्हता, त्यामुळे साधा कॉलसुद्धा फोरजीवरूनच जाऊ लागला आणि इमारतीच्या आत फोरजी नसणे म्हणजे फोनच नसणे, अशी स्थिती आली. डेटा स्वस्त झाला, वापर प्रचंड वाढला, आणि आजवर कधी न ऐकलेली तक्रार ग्राहकांकडून येऊ लागली : "रेंज तर फुल्ल दिसते, मग नेट का चालत नाही?"

या प्रश्नाने आमच्या कामाची दिशा बदलली. फोनवरच्या दांड्या सिग्नल किती जोरात येतो एवढेच सांगतात. त्या सेलवर, म्हणजे एका प्रक्षेपण यंत्राच्या टापूत, आणखी किती लोक आहेत, हे सांगत नाहीत. २० मेगाहर्ट्झचा एक फोरजी सेल दोन अँटेनांच्या जोडणीत कागदावर सेकंदाला १५० मेगाबिट देतो आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. जुन्या पद्धतीच्या आयबीएसमध्ये एकाच सेलचा सिग्नल केबलने दहा मजल्यांवर वाटला जाई, म्हणजे रेंज सगळीकडे पोहोचे, पण क्षमता तेवढीच राही. टाकी तीच ठेवून नळ वाढवल्यासारखे ते होते. उंच मजल्यांवर आणखी एक अडचण असे : खिडकीशी बसलेल्या माणसाच्या फोनला दूरदूरचे अनेक टॉवर सारख्याच ताकदीने दिसत, आणि त्या गलबल्यात कोणताच सिग्नल स्वच्छ मिळत नसे.

यावर उपाय म्हणजे इमारतीच्या आत लहान सेल बसवणे. प्रत्येक मजल्यावर कमी शक्तीचा, साधारणपणे पाव वॉटच्या आसपास प्रक्षेपण करणारा स्वतंत्र सेल छताला लावला, की तीच फ्रिक्वेन्सी मजल्यामजल्यावर पुन्हा वापरता येते, कारण मधला काँक्रीटचा स्लॅब दोन सेलना एकमेकांपासून बऱ्यापैकी वेगळे ठेवतो. आजवर आमचा शत्रू असलेले काँक्रीट येथे कामी आले. अर्थात जेथे इमारतीच्या मध्यभागी तळापासून छतापर्यंत मोकळा चौक असतो, तेथे हा हिशेब कोलमडतो. सगळे सेल एकमेकांना पाहतात आणि एकमेकांच्या कामात अडथळा आणतात. अशा ठिकाणी सेल कमी करून त्यांची शक्ती उतरवावी लागते, आणि जास्त डबे लावले म्हणजे जास्त वेग, अशी समजूत असलेल्या ग्राहकाला हे पटवणे अवघड जाते.

केबलचे काम या बदलाने सोपे झाले, असे वरवर वाटते. जाड फीडरऐवजी संगणकाला लागते तीच कॅट सिक्स केबल, त्याच तारेतून वीज आणि शंभर मीटरची मर्यादा. पण २३०० किंवा ३५०० मेगाहर्ट्झवर जे सेल चालतात, त्यांत पाठवणे आणि घेणे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने होते. त्यासाठी सर्व सेलची घड्याळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे दीडपट एवढ्याच फरकात जुळलेली असावी लागतात. खराडीतील एका कार्यालयात कँटीनच्या मजल्यावरचा सेल संध्याकाळी आपोआप बंद पडे आणि रात्री पूर्ववत होई. सेल बदलला, केबल बदलली, फरक पडला नाही. शेवटी लक्षात आले, की त्याच सुमारास कार्यालयाच्या सर्व्हरचा बॅकअप सुरू होतो. इमारतीतले सगळे संगणक ज्याला जोडलेले असतात त्या सामायिक नेटवर्क स्विचवर गर्दी होऊन घड्याळे जुळवणारे वेळेचे संदेश उशिरा पोहोचतात आणि घड्याळ विश्वासार्ह राहिले नाही, की सेल शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून स्वतःच गप्प बसतो. गच्चीवर उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारा जीपीएस अँटेना आणि सेलसाठी वेगळा स्विच लावल्यावर तो प्रकार थांबला. तेव्हापासून ग्राहकाच्या सामायिक स्विचवर आम्ही सेल जोडत नाही, मग खर्चाचा आकडा पाहून काम हातचे गेले तरी चालेल.

आणखी एका बाबतीत आम्ही ठाम राहिलो. बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर स्वस्त असतात आणि दुकानदार ते मागतात. परंतु परवान्याशिवाय ते वापरणे बेकायदेशीर आहे आणि एका दुकानातल्या बूस्टरमुळे आसपासच्या टॉवरवरील इतरांचे फोन बिघडतात. लहरी वापरण्याचा हक्क मोबाइल कंपन्यांकडे असल्याने लहान सेलही त्यांच्या संमतीनेच आणि त्यांच्या नेटवर्कला जोडूनच बसतो. ही संमती मिळवण्यातच कधी कधी प्रत्यक्ष कामाहून जास्त वेळ जातो. तीन कंपन्या, तीन तपासण्या आणि इमारतीचा मालक मात्र एकच डबा लावू देणार, हे दृश्य आमच्या धंद्यात नेहमीचे आहे.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्हजी सुरू झाले आणि जुन्या आयबीएसचे वय उघडे पडले. अर्धा इंची केबलमध्ये ९०० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे सात डेसिबलच्या आसपास घट होते, ती ३५०० ला साधारण दुप्पट होते. शिवाय त्या काळचे बहुतेक स्प्लिटर २७०० मेगाहर्ट्झपर्यंतच चालतात. आम्हीच बसवलेल्या यंत्रणा आता आम्हीच उतरवतो आहोत, आणि त्यातले तांबे भंगारात चांगल्या भावाने जाते.

दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था असलेल्या ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले. त्यानंतर काही विकसक नकाशाच्या टप्प्यावरच विचारू लागले आहेत, की शाफ्ट किती रुंद ठेवावा, यंत्रे ठेवण्याच्या रॅकची खोली कुठे असावी आणि तिला अखंड वीज कशी द्यावी. बाकीचे अजूनही "स्लॅब पडू द्या, मग बघू" असेच म्हणतात, आणि मग सुंदर फॉल्स सीलिंग फोडून केबल नेण्याचा खर्च त्यांच्याच माथी येतो. सध्या आमच्या वार्षिक देखभाल करारात एक कलम नव्याने आले आहे : भाडेकरू बदलला किंवा आतल्या खोल्यांची मांडणी बदलली, की संपूर्ण मजल्यावर मोजणीचा फोन हातात घेऊन पुन्हा फिरायचे आणि सेलची शक्ती नव्याने ठरवायची. त्याचे पैसे वेगळे आकारावेत की नाही, यावर आमच्या कार्यालयात अजून एकमत झालेले नाही.