नोंद ७: ७८ एफपीएस असूनही ठेच का लागत होती

सापडलं! गेम अडखळण्याच्या ज्या कारणामागे तीन आठवडे लागलो होतो ते काल रात्री दीड वाजता हाती आलं. ग्राफिक्स कार्डात दोष नव्हता, ड्रायव्हरमध्ये नव्हता, नागपूरच्या उन्हाळ्यातही नव्हता. दोष होता तो आपण सगळे डोळे झाकून ज्याची शिफारस करतो त्या बेतात. म्हणून या वेळी ब्लेंडरचे (थ्रीडी चित्रांच्या सॉफ्टवेअरचे) आकडे बाजूला ठेवतो आणि आधी हे सांगतो.

सेटअप मागच्या नोंदीतलाच आहे: रायझन ५ ५६००जी (आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर), बी५५० बोर्ड, ३२००ची ८ जीबीची दोन रॅम, आरटीएक्स ४०६० कार्ड, १०८०पी मॉनिटर. भाचीसाठी जो डेस्कटॉप घ्यायचा आहे त्याची ही माझ्या टेबलावरची नक्कल. ती आर्किटेक्चरला आहे, दिवसा ब्लेंडर आणि रात्री गेम. बेत असा की आत्ता ५६००जी घ्यायचा, आतल्या ग्राफिक्सवर सहा महिने काढायचे आणि पैसे जमले की कार्ड टाकायचं. आपल्यातल्या कितीतरी जणांनी मशीन असंच उभं केलंय, मीही दोन केली आहेत.

चाचणी तीच, गेममधली बाजारातून पुलापर्यंतची ६० सेकंदांची फेरी. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) अल्ट्रा, बाकी सगळं हाय. पहिला रन टाकून द्यायचा, कारण त्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होत असतात आणि ते अडखळणं खरं धरता येत नाही. पुढच्या तीन रनची सरासरी घ्यायची. आकडा आला ७८ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ७८ फ्रेम. मी खूश होऊन भाचीला खुर्चीवर बसवलं. तिने पुलाच्या अलीकडचं वळण घेतलं आणि मागे वळून म्हणाली, "मामा, आकडा तर चांगला आहे, मग चालताना ठेच लागल्यासारखं का होतंय?"

तिला एफपीएस म्हणजे काय ते धड माहीत नाही, पण तिचा डोळा माझ्या ओव्हरलेपेक्षा (पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या पट्टीपेक्षा) खरा निघाला. कॅपफ्रेमएक्समध्ये (फ्रेमच्या वेळा मोजणारं सॉफ्टवेअर) रन उघडला तर सरासरी ७८ आणि वन पर्सेंट लो ३१. फ्रेमटाइमची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेची, रेघ १२-१३ मिलिसेकंदांवर सपाट चाललेली, आणि त्या वळणावर एकदम ७०-८० मिलिसेकंदांच्या सुळक्यांचे चार झुपके. एका फ्रेमच्या जागी सहा फ्रेमचा वेळ जातोय, डोळ्याला ते कळणारच. (माझ्या सगळ्या नोंदींत वन पर्सेंट लो म्हणजे सर्वांत संथ १ टक्का फ्रेमची सरासरी. कॅपफ्रेमएक्समधला पी१ हा वेगळा आकडा आहे. दोघांची तुलना करू नका, मागे आपल्या गटात यावरूनच विनाकारण वाद झाला.)

मग संशयितांची रांग लागली. आधी उष्णता, कारण दुपारी खोलीत ३८ अंश होते. केसची काच काढून पहाटे पाच वाजता रन घेतला. कार्ड ९ अंशांनी थंड, सुळके जागच्या जागी. ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) साफ करून नव्याने टाकला, फरक शून्य. रॅमची एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू होती, रॅमचे दोन्ही चॅनेल (प्रोसेसरकडे जाणारे दोन रस्ते) भरलेले होते. तरी बायोसमध्ये जाऊन पुन्हा पाहिलं, कारण इथल्याच एका दुकानाने माझ्या शेजाऱ्याला "ड्युअल चॅनेल आहे" म्हणून १६ जीबीची एकच रॅम लावून दिली होती.

त्या शेजाऱ्याचं सांगूनच टाकतो, या महिन्यातला मनापासून आनंद देणारा प्रकार तो होता. त्याच्याकडेही ५६००जीच, पण कार्ड नाही. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगतं. ३२००च्या डीडीआर४चा एक चॅनेल म्हणजे सेकंदाला २५.६ जीबी, दोन म्हणजे ५१.२. आम्ही १६ची एक काढून ८च्या दोन बसवल्या. त्याच्या मुलाचा नेहमीचा ई-स्पोर्ट्स गेम पन्नाशीत रेंगाळायचा तो ऐंशीच्या वर गेला. पोरगं खुर्चीवरून उठेना. जो कुणी कार्डाशिवाय मशीन घेतोय त्याने सगळं सोडून हे एक आधी बघावं.

पण माझे सुळके काही हलेनात. ओव्हरलेवर जीपीयूचा (कार्डाच्या चिपचा) वापर ९० टक्क्यांच्या वर, प्रोसेसर निवांत. आफ्टरबर्नरचा ओव्हरले मला आवडतो, रोजच्या वापराला उत्तम आहे, पण त्याचे आकडे इतक्या संथपणे बदलतात की ८० मिलिसेकंदांचा झटका त्यात विरून जातो. शेवटी दुसऱ्या मॉनिटरवर टास्क मॅनेजरचं जीपीयूचं पान उघडं ठेवून फेरी मारली. डेडिकेटेड मेमरी (कार्डाची स्वतःची) ८ जीबीला टेकलेली, आणि वळण आलं तशी खालची शेअर्ड जीपीयू मेमरीची (साध्या रॅममधून घेतलेली) रेघ वर चढली. ०.३ जीबी होती, १.६ झाली.

इथे पहिलं टोक हाती लागलं. व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, भरली की उरलेली टेक्स्चर्स साध्या रॅममध्ये जातात आणि लागतील तशी पीसीआयईच्या (बोर्ड आणि कार्ड जोडणाऱ्या) रस्त्याने कार्डाकडे येतात. ४०६०ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी देते. तो रस्ता त्या मानाने पाऊलवाट. आणि ४०६०ला त्या रस्त्याच्या लेन फक्त ८, स्लॉट कितीही लांब असला तरी.

टेक्स्चर अल्ट्रावरून हायवर आणलं. सरासरी ८०, लो ५८. सुळके गायब! डोळ्याला चित्रात फरक दिसेना, पण चाल लोण्यासारखी. इथे थांबलो असतो तर नोंद परवाच लिहून झाली असती. पण एक गोष्ट टोचत होती. दुसऱ्या एका मित्राकडे हेच कार्ड, हीच सेटिंग, हीच फेरी, आणि त्याचा लो पन्नाशीच्या वर. त्याच्याकडे साधा ५६०० (आतलं ग्राफिक्स नसलेला), माझ्याकडे ५६००जी.

जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडलं. त्यात बस इंटरफेसच्या ओळीत पीसीआयईची पिढी दिसते; निवांत असताना १.१ दिसतं, कारण वीज वाचवायला कार्ड वेग उतरवतं. ते पाहून घाबरू नका. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबा, रेंडर टेस्ट सुरू होते आणि खरा आकडा दिसतो. माझ्याकडे तो ३.०वर येऊन थांबला. एक्स८ (म्हणजे ८ लेन), ३.०. बोर्ड ४.०चा, कार्ड ४.०चं, पण ५६००जी पीसीआयई ३.०च देतो आणि ५६०० देतो ४.०. बोर्डाच्या खोक्यावर "४.०" छापलेलं असतं, प्रोसेसरचा हा फरक तिथे सहज दिसत नाही. आठ लेनवर ३.० म्हणजे सेकंदाला जेमतेम ७.९ जीबी, ४.० म्हणजे १५.८च्या आसपास. आधीच अरुंद वाट आणि मी ती निम्मी करून बसलो होतो.

मित्राचा ५६०० दोन दिवसांसाठी मागून आणला, थर्मल पेस्ट पुसून बसवला. अल्ट्रा टेक्स्चर, सरासरी ८८, लो ५५. पण एवढ्यावर निकाल देता येत नाही! ५६००जीची एलथ्री कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) १६ एमबी, ५६००ची ३२. वाढ वाटेमुळे झाली की कॅशमुळे? अर्धा तास नुसता बसून राहिलो. मग सुचलं: ५६०० तसाच ठेवायचा आणि बायोसमध्ये स्लॉटचा वेग ऑटोवरून जेन ३वर (म्हणजे ३.०वर) बांधून टाकायचा. कॅश ३२च, फक्त वाट अरुंद. रन घेतले, रात्रीचे दीड वाजले होते. सरासरी ८५, लो ३७.

त्या ३७कडे मी किती वेळ बघत होतो सांगता येत नाही. लोमधली बहुतेक घसरण वाटेची, कॅशचा वाटा थोडा. आणि सरासरीत जेन ३ आणि जेन ४मध्ये फरक फक्त ३ एफपीएसचा. कुठल्याही तक्त्यात हा फरक कुणाच्या लक्षात आला नसता.

आता सरासरीच्या तक्त्यावरून डेस्कटॉप निवडायला माझं मन धजावत नाही. कार्डाच्या नावावरून तर त्याहून नाही. आरटीएक्स ३०५० ८ जीबीचं १२८-बिट रुंदीच्या मेमरीचं आणि २५६० कोअरचं, ६ जीबीचं ९६-बिट आणि २३०४ कोअरचं, दुकानात दोघांचं नाव "३०५०". त्याआधी जीटी १०३०चं हेच झालं. जीडीडीआर५वालं सेकंदाला ४८ जीबी देतं, डीडीआर४वालं १६.८. कोटेशनवर मेमरीचा प्रकार, रुंदी आणि लेन लिहून मागा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला ज्याच्याकडून मी रॅम आणली त्याने न विचारता हे सगळं स्वतःच लिहून दिलं होतं, अशा माणसाकडे मी दोन पैसे जास्त देऊन जाईन.

तर भाचीसाठी नवा बेत. कार्ड पहिल्या दिवशीच घेता आलं तर ५६००. "आधी आतलं, मग कार्ड" हेच करायचं असेल तर एएम५वर (एएमडीचं नवं सॉकेट) ८६००जी: त्यात ग्राफिक्स कार्डाला पीसीआयई ४.०च्या ८ लेन मिळतात. ८५००जी मात्र नको, त्याला ४च आहेत. आणि ज्यांच्याकडे ५६००जी आधीच आहे त्यांनी कार्ड घेताना एक्स१६ (१६ लेनचं) किंवा निदान १२ जीबीचं बघावं...

हे लिहिता लिहिताच ध्यानात आलं. आरटीएक्स ३०६० १२ जीबी दोन्हींत बसतं! १६ लेन, म्हणजे ३.०वरही १५.८ जीबी, आणि १२ जीबी मेमरी या फेरीत भरणारच नाही. सरासरीत ते ४०६०च्या मागे राहील हे मान्य, पण ५६००जीवर लोमध्ये पुढे जातं का? वर्ध्याच्या एका मित्राकडे आहे, आत्ताच फोन केला, रविवारी घेऊन येतोय. म्हणजे ब्लेंडरचे मॉन्स्टर, जंकशॉप, क्लासरूम हे तिन्ही सीन आणखी पुढे ढकलले. माफ करा, पण हे आधी.

आणखी एक. काल ब्राउझर आणि लाँचर बंद करून ५६००जीवर अल्ट्राचा एक रन घेतला होता, लो ३१वरून ३८ झाला होता. नुसत्या उघड्या खिडक्यांनी माझी जवळजवळ १ जीबी व्हीरॅम धरून ठेवली होती. ५६००जीमध्ये आतलं ग्राफिक्स आहेच. दुसरा मॉनिटर कार्डाऐवजी मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावला आणि ब्राउझर तिकडे आतल्या ग्राफिक्सवर चालवला, तर ती १ जीबी गेमला परत मिळते का? कुणी करून पाहिलं असेल तर फ्रेमटाइमच्या रेघेसकट सांगा, नुसती सरासरी नको.

मित्राचा ५६०० उद्या परत करायचा आहे, आज रात्री जेन ३चे रन हाय टेक्स्चरवर घेऊन ठेवतो. भाचीला फोन करून ५६००जीची ऑर्डर थांबवायला सांगितली. ती म्हणाली, "मामा, पण ते वळण आता नीट चाललं ना?" चाललं म्हटलं.